वाढदिवसाची भेट : पंधरा मिनिटांचे आकाश

वय वाढत जाते तसा वाढदिवसाला काय द्यावे, हा प्रश्न अवघड होत जातो. घड्याळ असते, शाली घडी करून ठेवलेल्या असतात, पुस्तके कपाटात मावत नाहीत. अशा वेळी वस्तूऐवजी एखादा अनुभवच भेट द्यावा, असा विचार पुढे येतो. हेलिकॉप्टरमधून घडणारे नगरदर्शन ही अशीच एक भेट आणि न्यूयॉर्क हे तिचे सर्वांत परिचित ठिकाण. न्यू जर्सीत मुलाकडे किंवा लेकीकडे काही महिने राहायला गेलेल्या आईवडिलांची साठी-पंचाहत्तरी तिकडेच साजरी व्हायची असेल, तर ही कल्पना मुलांच्या मनात येणे स्वाभाविकच.

मात्र या भेटीत आणि इतर भेटींत एक मूलभूत फरक आहे. साडी आवडली नाही तर बदलून आणता येते. आकाशात गेलेल्या माणसाला मध्येच उतरता येत नाही. येथे भेट देणारा केवळ पैसे खर्च करीत नसतो; दुसऱ्याच्या वतीने तो थोडा धोकाही पत्करीत असतो. म्हणूनच ही फेरी कशी असते, हे आधी समजून घेणे आवश्यक ठरते.

शिखरांच्या शेजारून

मॅनहॅटनमधील पर्यटन फेऱ्या बेटाच्या दक्षिण टोकाजवळ, ईस्ट नदीच्या काठावर असलेल्या हेलिपोर्टवरून सुटतात. काही कंपन्या न्यू जर्सीतूनही उड्डाण करतात. फेरी साधारण १२ ते २० मिनिटांची असते. स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा, १८९२ ते १९५४ या काळात स्थलांतरितांच्या तपासणीचे केंद्र असलेले एलिस बेट आणि मग हडसन नदीवरून उत्तरेकडे, असा सर्वसाधारण मार्ग असतो. मोठ्या फेरीत १९३१ साली खुल्या झालेल्या जॉर्ज वॉशिंग्टन पुलापर्यंत जाता येते.

अनेकांची अपेक्षा असते की सारे शहर नकाशासारखे पायाखाली पसरलेले दिसेल. प्रत्यक्षात हडसनवरील पर्यटन हेलिकॉप्टर बहुधा हजार फुटांच्या खाली उडते. एम्पायर स्टेट इमारतीची उंची अँटेना वगळून १२५० फूट आहे आणि वन वर्ल्ड ट्रेड सेंटर १७७६ फुटांचे. म्हणजे ही शिखरे पायाखाली येत नाहीत. नजरेसमोरून सरकतात आणि त्यांचे माथे आपल्याहून उंच राहतात. पुतळा मात्र चबुतऱ्यासह ३०५ फूट असल्याने त्याच्या मशालीकडे वरून पाहता येते.

रस्त्यावरून चालताना जे कळत नाही, ते येथे एका दृष्टिक्षेपात उलगडते. उंच इमारतींचे दोन घोस दिसतात : एक दक्षिण टोकाला, दुसरा बेटाच्या मध्यावर. १८११ च्या आराखड्याने आखलेले काटकोनी रस्ते आणि त्यांना तिरके छेदत जाणारा ब्रॉडवे लक्षात येतो. सेंट्रल पार्कची हिरवी पट्टी दुरून दिसते.

वजनकाटा आणि खिडकी

उड्डाणापूर्वी प्रत्येक प्रवाशाचे वजन केले जाते. कुणाला संकोचवाणे वाटले तरी ते अपरिहार्य आहे. हेलिकॉप्टरचा सारा भार मुख्य पंख्याच्या दांड्याखाली तोललेला असतो. म्हणून कोणी कोठे बसायचे, हे प्रवाशाची हौस नव्हे तर वजनाची वाटणी ठरवते. या फेऱ्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या काही हेलिकॉप्टरांत मागच्या बाकावर चौघे बसतात. त्यांतील मधल्या दोघांना खिडकी नसते. ज्याचा वाढदिवस आहे त्यालाच मधली जागा मिळू शकते!

दिशेबाबत मात्र फारशी काळजी नको. हडसनवर जाताना मॅनहॅटनच्या बाजूने आणि परतताना न्यू जर्सीच्या बाजूने उडण्याचा नियम आहे. त्यामुळे जाताना शहर उजवीकडे जवळून दिसते, तर येताना डावीकडे त्याचे संपूर्ण चित्र दिसते.

नियमांमागचे अपघात

हा नियमही सहज आलेला नाही. ८ ऑगस्ट २००९ रोजी हडसनवर एक छोटे विमान आणि पर्यटकांचे हेलिकॉप्टर यांची टक्कर होऊन नऊ जणांचा मृत्यू झाला. हेलिकॉप्टरमधील पाचही प्रवासी इटलीचे पर्यटक होते. त्यानंतर अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने या पट्ट्यातील उड्डाणांची शिस्त सक्तीची केली : स्थानिक फेऱ्या हजार फुटांखाली, नुसत्या जाणाऱ्या विमानांचा मार्ग त्याच्या वर, आणि ठरलेल्या रेडिओ लहरीवर प्रत्येकाने आपला ठावठिकाणा सांगत राहणे.

११ मार्च २०१८ चा अपघात अधिक विचार करायला लावणारा आहे. छायाचित्रे घेता यावीत म्हणून दरवाजे उघडे ठेवून केलेली ती फेरी होती. इंजिन बंद पडले म्हणजे हेलिकॉप्टर दगडासारखे कोसळते, हा समज बरोबर नाही. खाली येताना खालून लागणाऱ्या हवेने पाती भिरभिऱ्यासारखी फिरत राहतात आणि त्या बळावर वैमानिक ते खाली उतरवू शकतो. पाण्यावर तरंगण्यासाठी फुगणाऱ्या पिशव्याही असतात. त्या दिवशी एका प्रवाशाच्या सुरक्षापट्ट्याची दोरी इंधन बंद करणाऱ्या दांड्यात अडकली आणि इंजिन थांबले. वैमानिकाने हेलिकॉप्टर ईस्ट नदीत उतरवलेही. पण पिशव्या नीट फुगल्या नाहीत आणि ते उलटले. वैमानिक बाहेर पडू शकला. पाठीमागून दोरीने जखडलेल्या पाच प्रवाशांना मात्र स्वतःला सोडवता आले नाही, ते बुडाले. पडू नये म्हणून बांधलेला पट्टाच त्यांच्या मृत्यूला कारण ठरला. झटकन सुटत नाहीत असे पट्टे वापरून दरवाजे उघडे ठेवण्यास त्यानंतर मनाई करण्यात आली.

१० एप्रिल २०२५ रोजी एका पर्यटन हेलिकॉप्टरचे भाग हवेतच सुटे झाले आणि ते हडसनमध्ये कोसळले. वैमानिकासह स्पेनमधील पाच जणांचे कुटुंब मृत्युमुखी पडले. त्यांत तीन मुले होती आणि एकाचा नववा वाढदिवस दुसऱ्याच दिवशी होता.

मुंबईलाही हा अनुभव नवा नाही. १९२८ पासूनचा जुहूचा विमानतळ हा देशातील नागरी विमान वाहतुकीचा आरंभबिंदू. १९३२ साली जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन येथेच उतरले. त्याच जुहूवरून डिसेंबर २०१६ मध्ये हौशी फेरीसाठी निघालेले एक छोटे हेलिकॉप्टर गोरेगावच्या आरे परिसरात कोसळले आणि वैमानिकाला प्राण गमवावे लागले.

भेट देण्यापूर्वी

याचा अर्थ ही भेट देऊच नये असा नव्हे. अशा असंख्य फेऱ्या निर्विघ्न पार पडतात. पण तिकीट काढण्यापूर्वी काही प्रश्न विचारलेच पाहिजेत. दरवाजे बंद असतात ना? पट्टा एका हाताने सुटतो का? तो उड्डाणापूर्वी स्वतः लावून-सोडून पाहावा. तरंगण्याच्या पिशव्या आहेत का आणि अंगावर घालायचे जीवरक्षक जाकीट कसे उघडायचे, हे नीट दाखवले जाते का? कंपनीच्या नावावर पूर्वीचे अपघात आहेत का? अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाचे चौकशी अहवाल सर्वांसाठी खुले आहेत. ते वाचायला अर्धा तास पुरतो.

वारा किंवा ढग यांमुळे फेरी रद्द झाली तर पैसे परत मिळतात की दुसरी तारीख, हेही आधी विचारावे. रद्द करणारा वैमानिक हा नाराज होण्याचा नव्हे, विश्वास ठेवण्याचा विषय आहे. म्हणून परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी अशी फेरी ठरवू नये. घाईत माणूस नको तेथे आग्रह धरतो. शहरातील रहिवाशांच्या आवाजाबद्दलच्या तक्रारींमुळे २०१६ मध्ये झालेल्या करारानुसार मॅनहॅटनच्या हेलिपोर्टवरील फेऱ्यांची संख्या निम्म्यावर आणण्याचे ठरले आणि रविवारच्या फेऱ्या बंद झाल्या. तेव्हा वाढदिवसाचा वारही पाहून घ्यावा.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न मात्र कंपनीला नव्हे, ज्याला भेट द्यायची त्याला विचारायचा आहे. आश्चर्याचा धक्का देण्याचा मोह येथे आवरलेला बरा. वडिलांना उंचीची भीती वाटते, आईला गाडीतही मळमळते, हे मुलांना ठाऊक असतेच असे नाही. हेलिपोर्टवर सर्वांसमोर नाही म्हणणे वडीलधाऱ्यांना जड जाते. मुलांचे पैसे वाया जातील म्हणून ते मुकाट्याने चढतात आणि पंधरा मिनिटे डोळे मिटून बसतात. घरी, चहाच्या वेळी विचारले तर ते मोकळेपणाने सांगतील. होकार आला तर फेरीआधीचे चार दिवसही आनंदात जातील. नकार आला तर न्यूयॉर्कच्या बंदरातून स्टेटन बेटाकडे जाणारी फेरीबोट आहे. तिच्यातून स्वातंत्र्यदेवतेचे दर्शन विनामूल्य घडते आणि शेजारी बसून गप्पाही मारता येतात.