पहिला रोप घेताय?

वॉलवर हात साफ झालाय, शूज-हार्नेस घेऊन झालंय आणि आता कर्नाटकातल्या बदामीचा प्लॅन शिजतोय? मग ग्रुपला स्वतःचा रोप हवाच. दुकानात रंगावर भाळण्याआधी विचारा, 'डायनॅमिक आहे ना?' सह्याद्रीत रॅपलिंगला वापरतात तो स्टॅटिक रोप फारसा ताणत नाही. लीड करताना त्यावर पडलात, तर सगळा झटका तुमच्या कमरेला आणि बोल्टला! डायनॅमिक रोप ताणला जाऊन तो झटका शोषून घेतो. टोकावरच्या पट्टीवर वर्तुळातला इंग्रजी एक आणि ईएन ८९२ दिसलं पाहिजे.

मला विचाराल तर जाडी ९.८ ते १०.२ मिलिमीटर. नऊचा रोप हलका आणि स्टायलिश, पण नवख्या हातातून बिले देताना सटकतो, झिजतोही लवकर. लांबी ६० मीटर. उतरवताना रूटच्या दुप्पट रोप लागतो, म्हणजे ३० मीटरचा रूट जेमतेम होतो. मोकळ्या टोकाला गाठ मारा, प्लीज! बर्फात जाणार नसाल तर ड्राय कोटिंगचे पैसे वाचवा आणि रोप बॅग घ्या, बदामीची रेती रोपात शिरते.

सेकंडहँड मात्र नकोच, अगदी जिगरी दोस्ताचा असला तरी. त्याने किती फॉल झेललेत ते वरून कळत नाही.