लंडन सोडून खेड्यात : घराआधी जागा निवडा

लंडनमधून इंग्लंडच्या ग्रामीण भागात राहायला जायचं असं एकदा मनानं घेतलं, की माणसं घरं बघायला लागतात. राइटमूव्ह किंवा झूप्ला हे घरविक्रीचं संकेतस्थळ उघडून किमतीची मर्यादा टाकली, की दगडी भिंतींची, मागे मोठी बाग असलेली घरं समोर येतात. लंडनमधल्या लहानशा फ्लॅटच्या पैशांत ती परवडतील असंही दिसतं आणि निम्मा निर्णय तिथेच होऊन जातो. माझं आग्रहाचं सांगणं याच्या उलट आहे : घर सगळ्यात शेवटी पाहावं. घराचं स्वयंपाकघर बदलता येतं, छप्पर दुरुस्त करता येतं. स्टेशन, शाळा, नदी आणि रस्ता जिथे आहेत तिथेच राहतात, आणि खेड्यातलं रोजचं जगणं त्यांच्यावरच ठरतं.

२०२० नंतर हा विचार करणाऱ्यांत मराठी कुटुंबंही आहेत. हॅरो, हौन्स्लो, स्लाऊ अशा भागांत स्थिरावलेली आणि आता आठवड्यातून दोन-तीन दिवसच ऑफिसला जावं लागणारी. एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेतल्या नोकरीमुळे लहान गावांत गेलेले भारतीय डॉक्टर पूर्वीपासून आहेत, पण त्यांचं गाव नोकरीनंच ठरवलं होतं. आज निवड स्वतः करायची आहे, आणि नकाशावर सगळा देश मोकळा दिसतो तेव्हा ती जास्तच अवघड होते.

सुरुवात रेल्वेपासून करावी. लंडनला एकच मोठं स्टेशन नाही. प्रत्येक स्टेशनातून गाड्या एकेका दिशेला जातात. पॅडिंग्टनहून ऑक्सफर्ड, कॉट्सवोल्ड्स आणि पश्चिमेकडचा मुलूख. वॉटर्लूहून विंचेस्टर, सॅलिसबरी. लिव्हरपूल स्ट्रीटहून एसेक्स, सफक, नॉर्फक. किंग्ज क्रॉसहून केंब्रिज आणि ईली, मॅरिलबोनहून चिल्टर्न टेकड्या, सेंट पँक्रसहून एकीकडे केंट आणि दुसरीकडे लेस्टर. त्यामुळे आधी ऑफिस कोणत्या स्टेशनाजवळ आहे ते पाहायचं आणि त्या एका दिशेपुरताच शोध घ्यायचा. ऑफिस लिव्हरपूल स्ट्रीटपासून चालत जाण्याच्या अंतरावर असेल तर नॉर्फकमधलं डिस सुमारे दीड तासावर असूनही जमू शकतं. हेच अंतर चुकीच्या दिशेला असेल तर दोनदा गाडी बदलण्यात जीव जातो.

किलोमीटरचा इथे फारसा उपयोग नाही, याला मोठं कारण आहे. १९६३ साली रिचर्ड बीचिंग यांनी ब्रिटिश रेल्वेचा अहवाल दिला. त्यात २,३६३ स्थानकं आणि सुमारे ८,००० किलोमीटरचे लोहमार्ग बंद करण्याची शिफारस होती आणि पुढच्या काही वर्षांत तिची बरीचशी अंमलबजावणी झाली. शेकडो गावांची रेल्वे तेव्हा गेली ती गेलीच. डेव्हनमधल्या ओकहॅम्पटनला २०२१ मध्ये नियमित गाडी परत मिळाली, पण असं भाग्य फार थोड्या गावांच्या वाट्याला आलं. म्हणून आजही केंटमधलं अॅशफर्ड वेगवान गाडीनं लंडनपासून चाळीस मिनिटांच्या आत आहे, आणि त्याहून कितीतरी जवळचं, पण स्टेशन नसलेलं खेडं दीड तास दूर पडतं. घरांच्या किमतीसुद्धा या वेळेवरच चढतात-उतरतात.

वेळ मोजायची ती घराच्या दारापासून ऑफिसच्या दारापर्यंत. ग्लॉस्टरशरमधल्या केंबलहून पॅडिंग्टनला सव्वा तासाच्या आसपास वेळ लागतो. त्यात स्टेशनपर्यंतची वीस मिनिटांचं ड्रायव्हिंग, पार्किंग शोधण्याची दहा मिनिटं आणि लंडनमधला ट्यूबचा अर्धा तास मिळवला, की एका बाजूचा प्रवास सव्वादोन तासांचा होतो. आठवड्यातून एकदा हे जमतं, तीनदा केलं की माणूस थकतो. भाड्याचाही हिशेब आधीच मांडावा. २०२१ मध्ये सुरू झालेलं फ्लेक्सी सीझन तिकीट २८ दिवसांत ८ दिवसांचा प्रवास देतं. आठवड्यातून दोनदा जाणाऱ्याला ते पुष्कळदा स्वस्त पडतं, पण प्रत्येक मार्गावर नाही. आणि रात्रीची शेवटची गाडी किती वाजता आहे हे पाहिल्याशिवाय कोणतंही स्टेशन पसंत करू नये.

लंडनला अगदी लागून असलेली सरी, हर्टफर्डशर, बकिंगहॅमशरमधली खेडी इतकी महाग का, असा प्रश्न पडतो. लंडनभोवती ग्रीन बेल्ट आहे. शहर पसरू नये म्हणून विसाव्या शतकाच्या मध्यापासून या पट्ट्यात नव्या बांधकामावर कडक बंधनं आली. गावं लहान राहिली, घरं मोजकी राहिली, मागणी मात्र वाढतच गेली. हा पट्टा ओलांडून अर्धा-पाऊण तास पुढे गेलं, की त्याच पैशांत बरंच मोठं घर मिळतं.

हवामानाचा विचार आपली माणसं करतात, पण थंडीपुरताच. इंग्लंडमध्ये खरा फरक पूर्व आणि पश्चिम यांच्यातल्या पावसाचा आहे. एसेक्सच्या किनाऱ्यावर वर्षाला पाच-सहाशे मिलिमीटरच पाऊस पडतो. लेक डिस्ट्रिक्टमधल्या सीथवेट या वस्तीवर तीन हजारांहून जास्त, म्हणजे कोकणाएवढा. फक्त तो चार महिन्यांत आटोपत नाही, बारा महिने झिमझिमत राहतो. जुन्या दगडी घरात ओल धरते ती यामुळे. उजेडाचंही तसंच. डिसेंबरात चारच्या सुमाराला सूर्य मावळतो आणि पुष्कळ खेड्यांत रस्त्यावर दिवे नसतात. शाळेतून मूल घरी येतं ते अंधारातच.

आता गावाचा आकार. इथे माझं मत ठाम आहे : शहरातून पहिल्यांदाच जाणाऱ्या कुटुंबानं एकाकी खेड्याऐवजी बाजाराचं लहान गाव निवडावं, किंवा त्याला लागून असलेलं खेडं. अशा गावाला शतकानुशतकं आठवडी बाजार भरवण्याचा हक्क होता. म्हणून तिथे आजही दुकानं, दवाखाना, औषधाचं दुकान, माध्यमिक शाळा, आणि नशीब चांगलं असेल तर स्टेशन, सगळं चालत जाण्याच्या अंतरावर सापडतं. श्रॉपशरमधलं लडलो, सॉमरसेटमधलं फ्रूम, सफकच्या सीमेवरचं डिस ही अशी गावं. मराठी घरांना मी लेस्टरशरमधल्या मार्केट हार्बरोकडे मुद्दाम बघायला सांगेन. सेंट पँक्रसपर्यंत तासाभराची गाडी आहे, आणि दुसऱ्या बाजूला लेस्टर रेल्वेनं पंधरा-वीस मिनिटांवर. तिथल्या बेलग्रेव्ह रोडवर ताजी मेथी, गवार, पोह्यांपासून दिवाळीच्या पणत्यांपर्यंत सगळं मिळतं. ही गोष्ट किरकोळ वाटते, पण वाणसामानासाठी दर वेळी दोन तास गाडी चालवायची असेल तर पहिल्याच वर्षी कंटाळा येतो. ग्रामीण इंग्लंडमध्ये बहुसंख्य वस्ती गोऱ्या इंग्रजांची आहे. वर्गात आपलं मूल एकटंच भारतीय असेल, हेही घरात आधी मोकळेपणानं बोलून घ्यावं.

खेड्यात बस असते, पण ती दिवसातून दोन-तीनदाच आणि रविवारी मुळीच नाही, असंही चित्र पुष्कळ ठिकाणी आहे. म्हणजे घरातल्या प्रत्येक नोकरदाराला गाडी हवी. सतरा वर्षांच्या आतल्या मुलांना कुठेही नेऊन सोडायचं काम आईवडिलांचं. समुद्रकाठच्या सुंदर गावांत वेगळीच अडचण आहे. कॉर्नवॉलमधल्या सेंट आयव्ह्‌समध्ये सुट्टीपुरती वापरली जाणारी घरं इतकी वाढली, की २०१६ मध्ये तिथल्या रहिवाशांनी सार्वमतानं नव्या घरांना अट घातली : घेणाऱ्यानं तिथे कायम राहायला हवं. अशा गावाच्या मोहात पडला असाल तर जानेवारीतल्या संध्याकाळी किती खिडक्यांत दिवे लागतात ते पाहून या.

मुलं असतील तर शाळेच्या तारखा सगळ्या वेळापत्रकाला बांधून टाकतात. इंग्लंडमध्ये माध्यमिक शाळेसाठी ३१ ऑक्टोबर आणि प्राथमिकसाठी १५ जानेवारी ही अर्जाची शेवटची मुदत असते. नवा पत्ता धरावा म्हणून कौन्सिल बहुतेक ठिकाणी घराचा पक्का करार किंवा भाडेकरार मागते. केंट, बकिंगहॅमशर आणि लिंकनशरमध्ये सरकारी ग्रामर स्कूल्स आहेत. त्यांची प्रवेशपरीक्षा आदल्या वर्षीच देऊन ठेवावी लागते. शाळेची मोफत बस हवी असेल तर नियम साधा आहे : मूल आठ वर्षांच्या आतलं असेल तर दोन मैलांपेक्षा, आठ ते सोळा वयाचं असेल तर तीन मैलांपेक्षा दूर राहायला हवं, आणि शाळा सगळ्यात जवळची योग्य शाळा असायला हवी. तुम्ही दुसऱ्या क्रमांकाची जवळची शाळा निवडली, तर रोजची ने-आण बहुधा स्वतःच्या खर्चानं. जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवता येईल का, हे त्या दवाखान्याला फोन करून विचारावं. एनएचएसचा दंतवैद्य नवे रुग्ण घेतो का, हेही त्याच दिवशी विचारून टाकावं. बऱ्याच ग्रामीण भागांत उत्तर नकाराचं येतं.

इथवर आल्यावर शंभरातली चार-पाच गावं उरतात. मग ऑर्डनन्स सर्व्हेचा एक्सप्लोरर नकाशा घ्यायचा, एकास पंचवीस हजार प्रमाणाचा. कोणत्याही जाहिरातीपेक्षा हा नकाशा जास्त खरं बोलतो. समोच्च रेषांवरून घर टेकडीवर आहे की नदीच्या खोलगटीत, ते कळतं. विजेच्या उच्च दाबाच्या तारा दिसतात. हिरव्या तुटक रेषा म्हणजे सार्वजनिक पायवाटा. त्यांतली एखादी तुमच्या बागेतूनच जात असेल तर तिथून चालण्याचा हक्क सगळ्यांना आहे आणि तुम्हाला ती बंद करता येत नाही. त्याच्या जोडीला एन्व्हायर्न्मेंट एजन्सीचा पुराचा नकाशा, जो कोणालाही फुकट पाहता येतो. २००७ च्या जुलैत ट्यूक्सबरी, २०१३-१४ च्या हिवाळ्यात सॉमरसेट लेव्हल्स, २०१५ च्या ख्रिसमसच्या दुसऱ्या दिवशी हेब्डन ब्रिज पाण्यात गेलं होतं. पुराच्या जागेतल्या घराला विमा मिळावा म्हणून २०१६ पासून फ्लड री नावाची योजना आहे, पण १ जानेवारी २००९ नंतर बांधलेली घरं तिच्यात बसत नाहीत, आणि ती २०३९ मध्ये संपायची आहे. पंचवीस-तीस वर्षांचं कर्ज काढणाऱ्यानं या शेवटच्या तारखेचा विचार करायलाच हवा. नॉर्फकच्या किनाऱ्यावर हेझबरा आणि हेम्सबी इथे तर कडे ढासळून घरंच समुद्रात गेली आहेत.

आवाज नकाशावर उमटत नाही. सफकमध्ये लेकनहीथच्या आणि लिंकनशरमध्ये कॉनिंग्जबीच्या हवाई तळांवरून लढाऊ विमानं उडतात. सफकच्या किनाऱ्यावर साइझवेल सी या अणुवीज प्रकल्पाचं काम पुढची कित्येक वर्षं चालणार आहे. शेजारच्या शेतात काय बांधायला परवानगी मागितली आहे, हे कौन्सिलच्या प्लॅनिंगच्या नोंदींत कोणीही वाचू शकतो. तासभर बसून ते वाचावं.

घराची पाळी आता. शहरात गॅस, सांडपाणी आणि इंटरनेट गृहीत धरलेलं असतं. खेड्यात प्रत्येकाची वेगळी चौकशी करावी लागते. पाइपचा गॅस नसेल तर घर तापतं ते बहुधा हीटिंग ऑइलवर. ते टँकरनं येतं, साधारणपणे एका वेळी किमान ५०० लिटर घ्यावं लागतं, आणि त्याच्या दराला ऑफजेम या ऊर्जा नियामकाची कमाल मर्यादा लागू नाही. सांडपाणी सेप्टिक टँकमध्ये जात असेल तर त्याचं पाणी पुढे कुठे जातं ते विचारा. २०२० पासून इंग्लंडमध्ये ते थेट ओढ्यात किंवा चरात सोडायला मनाई आहे, आणि जुनी टाकी बदलण्याचा खर्च हजारो पौंडांत जातो. ब्रॉडबँडची कायदेशीर हमी फक्त १० मेगाबिटची आहे. घरातून दोघांनी व्हिडिओ कॉल करायचे असतील तर ती अपुरी. ऑफकॉम या दूरसंचार नियामकाच्या संकेतस्थळावर घराच्या पत्त्यानुसार वेग पाहता येतो. घर ‘लिस्टेड’, म्हणजे ऐतिहासिक वास्तू म्हणून संरक्षित असेल, तर परवानगीशिवाय एखादी खिडकी बदलणंही फौजदारी गुन्हा ठरू शकतो. गवताच्या छपराचं घर मोहक असतं, पण त्याचा विमा महाग असतो आणि असं छप्पर शाकारणारे कारागीर मोजकेच.

घर पसंत पडल्यावर ऑफर मंजूर झाली म्हणजे ते आपलं झालं, असं इंग्लंडमध्ये समजू नये. सॉलिसिटरकडे दोन्ही बाजूंच्या करारांची अदलाबदल होईपर्यंत विकणारा दुसऱ्याची जास्त बोली घेऊ शकतो, आणि तुम्हीही माघार घेऊ शकता. या मधल्या काळात पैसे वाचवू नका. जुन्या घरासाठी सविस्तर, तिसऱ्या पातळीचा सर्व्हे करून घ्या आणि ड्रेनेजची तपासणी वेगळी करा.

माझा शेवटचा सल्ला सगळ्यात महत्त्वाचा आहे. निवडलेल्या गावात आधी भाड्यानं राहा, आणि तेही नोव्हेंबर ते मार्च. मेमध्ये इंग्लंडमधलं प्रत्येक खेडं आवडतं. फेब्रुवारीतल्या मंगळवारी सकाळी साडेसहाची गाडी पकडून, संध्याकाळी अंधारात अरुंद रस्त्यानं परत येऊनही ते गाव आवडलं, तर घर घ्या.