मानाची पोळी एकच

श्रावण अमावास्येला, पोळ्याच्या दिवशी, बैलाला पुरणपोळीचा घास द्यावा, ही आपली रीत. ती रास्तच आहे. परंतु गावभर मिरविलेल्या जोडीला दारोदारी पोळ्या, वर हौसेने पाटीभर ज्वारी, यास आम्ही भक्ती म्हणत नाही. बैलाच्या कोठीपोटातील सूक्ष्म जीव कडब्याच्या तंतूंवर पोसलेले असतात. पिष्ट व गूळ अकस्मात फार गेले की ते आंबून लॅक्टिक आम्ल साचते. रवंथ थांबते, पोट फुगते, प्रसंगी जनावर दगावतेही. कष्टाच्या दिवसांत भरडा हवाच, पण तो हळूहळू वाढवीत न्यावा. पोळी एकच, घरच्या धन्याची. इतरांनी ओवाळून हिरवी वैरण घालावी. संध्याकाळी रवंथ बंद दिसल्यास पशुवैद्यास तत्काळ बोलवावे, उद्याची वाट पाहू नये.