विद्यापीठासमोरचं मैदान

पेण असो की रोहा, आपल्याकडच्या बऱ्याच घरांत पदवीचं प्रमाणपत्र फ्रेम करून भिंतीवर लावलेलं असतं. कॉलेज इथलंच, पण प्रमाणपत्रावर नाव असतं मुंबई विद्यापीठाचं. या विद्यापीठाची जुनी इमारत आणि तिच्यासमोरचं ओव्हल मैदान यांची गोष्ट आज सांगणार आहे. ऐकता ऐकता आपल्या गावातलं मैदान डोळ्यांसमोर ठेवा.

मुंबई विद्यापीठ 1857 साली स्थापन झालं. तेव्हा मुंबईच्या फोर्ट भागाभोवती खरोखरीची तटबंदी होती. तटाबाहेर मोठी मोकळी जागा राखलेली होती, ती काही मुलांना खेळायला नव्हे. शत्रू आलाच तर तोफेच्या माऱ्याला आडोसा मिळू नये, म्हणून तिथे बांधायला मनाई होती. 1860 च्या दशकात, बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना, हा तट पाडला. त्या मोकळ्या जागेचेच पुढे तुकडे झाले. ओव्हल, क्रॉस, आझाद आणि कूपरेज ही आजची मैदानं म्हणजे त्याच एका जागेची लेकरं.

तटाच्या जागी एका ओळीत मोठ्या इमारती उभ्या राहिल्या. सचिवालय, विद्यापीठाचा दीक्षान्त सभागृह, ग्रंथालय, हायकोर्ट. सगळ्यांची तोंडं पश्चिमेला, कारण समोर मैदान आणि मैदानापलीकडे समुद्र होता. सभागृहासाठी सर कावसजी जहांगीर यांनी पैसे दिले आणि ते 1874 मध्ये पूर्ण झालं. ग्रंथालय आणि त्याच्यावरचा घड्याळाचा मनोरा यांसाठी प्रेमचंद रायचंद या व्यापाऱ्यानं पैसे दिले. अट एकच, मनोऱ्याला आपल्या आईचं नाव द्यायचं. तो राजाबाई टॉवर. काम 1869 ला सुरू झालं, 1878 ला संपलं. उंची 280 फूट. राजाबाईंना दिसत नसे आणि जैन रिवाजाप्रमाणे त्या सूर्यास्ताआधी जेवत, म्हणून टोल ऐकून त्यांना वेळ कळावी, अशी आख्यायिका सांगतात.

आता गंमत बघा. मनोरा बाईच्या नावाचा, पण मनोरा उभा राहिला तेव्हा विद्यापीठाच्या परीक्षेला बाईला बसता येत नव्हतं. ते दार 1883 मध्ये उघडलं. त्यानंतर कॉर्नेलिया सोराबजी या विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर झाल्या. आज मैदानाच्या पश्चिमेच्या रस्त्याला महर्षी कर्वे यांचं नाव आहे आणि पूर्वेच्या रस्त्याला कर्मवीर भाऊराव पाटील यांचं. एकानं बायकांसाठी विद्यापीठ काढलं, दुसऱ्यानं खेड्यातल्या मुलांसाठी शाळा.

पुढे समुद्रात भराव टाकला गेला आणि 1930 च्या दशकात पश्चिमेला गोलसर गॅलऱ्यांच्या नव्या धाटणीच्या इमारती आल्या. त्यांना आर्ट डेको म्हणतात. म्हणजे मैदानाच्या एका बाजूला दगडी, टोकदार कमानींचं एकोणिसावं शतक आणि दुसऱ्या बाजूला विसावं. मध्ये फक्त गवत आणि क्रिकेट.

पण मोकळी जागा आपोआप मोकळी राहत नाही. मैदानाची देखभाल सुटली, कचरा साठला, नको ते धंदे सुरू झाले. संध्याकाळी बाईनं तिथून जायचं म्हणजे जीव मुठीत धरून. तेव्हा, गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात, आजूबाजूचे रहिवासी संघटना करून उभे राहिले. सरकारकडे गेले, कोर्टात गेले आणि पुढे मैदानाच्या देखभालीची जबाबदारी घेतली. कुंपण झालं, हिरवळ आली, मधून चालायची वाट राहिली. आज मुलं खेळतात आणि चर्चगेटला उतरलेली माणसं त्याच वाटेनं कोर्टाकडे चालत जातात.

मग इमारतीची पाळी आली. ग्रंथालय आणि राजाबाई टॉवरची दुरुस्ती 2015 मध्ये पूर्ण झाली. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसनं त्यासाठी चार कोटींहून अधिक रुपये दिले. कामाची धुरा वास्तुरचनाकार ब्रिंदा सोमाया यांच्याकडे होती आणि रंगीत काचांच्या खिडक्या स्वाती चांदगडकर यांनी सावरल्या. 2018 मध्ये मैदानासकट या परिसरातल्या 94 इमारतींचा युनेस्कोनं जागतिक वारशात समावेश केला. आपल्या रायगड जिल्ह्यातल्या घारापुरीला तो मान 1987 सालीच मिळाला आहे.

कुणी म्हणेल, मुंबईच्या श्रीमंत वस्तीतल्या लोकांना वेळ आहे, पैसा आहे, वकील आहेत. आपलं काय? म्हणणं खरं आहे. आणखी एक खरं आहे. कुंपण घातलं की जागा स्वच्छ राहते, पण फाटकावर कुणाला अडवायचं हा प्रश्नही तिथेच उभा राहतो. कचरा नको म्हणताना शेंगदाणेवाली नको, असं होऊ नये.

पण एक गोष्ट आपल्यालाही करता येते, आणि तिला पैसे लागत नाहीत. पेणला नगर परिषद आहे, रोह्याला रोहा अष्टमी नगर परिषद आहे. शहराचा विकास आराखडा तयार होतो, तेव्हा खेळाचं मैदान, बाग, बाजार यांसाठी जागा राखून ठेवलेल्या असतात. आराखड्याचा मसुदा जाहीर झाला की ठरावीक मुदतीत कोणीही नागरिक लेखी हरकत किंवा सूचना देऊ शकतो. साध्या कागदावर, मराठीत. मुदत गेली की मात्र ऐकणारं कुणी नसतं.

म्हणून बचत गटाच्या पुढच्या बैठकीत एवढंच विचारा: आपल्या भागातली राखीव मैदानं कोणती? त्यांवर आज काय आहे? तिथे बायकांना बसायला बाक, रात्री दिवा आणि स्वच्छतागृह आहे का? उत्तरं लिहून काढा आणि नगर परिषदेत पोच घेऊन द्या.

आणि कधी मुंबईला गेलात तर चर्चगेटला उतरा. मैदानाच्या मधल्या वाटेनं सावकाश चाला, समोर राजाबाईंचा मनोरा दिसेल. आपल्या लेकीच्या प्रमाणपत्रावरचं नाव त्या इमारतीचं आहे, हे तिला नक्की सांगा.