सहनिर्देशकांवरून पिनक्रमांक : बोलीसर्वेक्षणातील एक उपयोजन

बोलीसर्वेक्षणात ध्वनिमुद्रणाबरोबर स्थळाचे अक्षांश-रेखांशही आता टिपले जातात. पाच दशांशस्थळांपर्यंत दिलेला सहनिर्देशक सुमारे एका मीटरइतका नेमका असतो. तो छापणे म्हणजे निवेदकाचे घरच दाखविणे होय. केवळ नाव गाळून भागत नाही. यास्तव प्रसिद्ध करावयाच्या नोंदींत त्याऐवजी पिनक्रमांक द्यावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ग्रामीण भागात एका क्रमांकाखाली बहुधा अनेक गावे येतात. मूळ सहनिर्देशक अर्थातच संग्रहात जपून ठेवावेत.

श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली ही पद्धती १५ ऑगस्ट १९७२ रोजी अमलात आली. पिनक्रमांक दिसावयास सहा अंकी संख्या असला, तरी वस्तुतः ते एक नाव आहे : टपालवाटप करणाऱ्या कार्यालयाचे. त्याची बेरीज वा सरासरी निरर्थक ठरते. म्हणून कोष्टकात तो अक्षररूपानेच ठेवावा. सहनिर्देशक बिंदू दाखवितो, पिनक्रमांक क्षेत्र. सबब एकावरून दुसरा सूत्राने निघत नाही. क्षेत्रसीमांचा नकाशा लागतो. टपाल खात्याचा असा नकाशा शासनाच्या खुल्या माहितीभांडारात मिळतो.

‘आर’ या संगणकभाषेतील ‘एसएफ’ हे पॅकेज या कामी पुरेसे आहे. ‘एसटी_ॲज_एसएफ’ ही आज्ञा नोंदींचे बिंदू बनविते. तिला रेखांश आधी व अक्षांश नंतर द्यावा लागतो. आपल्या बोलण्यातील क्रम नेमका उलटा! पुण्याचे १८.५२ आणि ७३.८६ हे आकडे उलटले, तर पुणे नॉर्वेच्या उत्तरेस समुद्रात जाऊन पडते. बिंदू व नकाशा एकाच निर्देशप्रणालीत (येथे ४३२६) आणल्यावर ‘एसटी_जॉइन’ ही आज्ञा प्रत्येक बिंदूस तो ज्या क्षेत्रात पडतो त्याचा क्रमांक जोडते.

नकाशा टाळून ‘एसटी_निअरेस्ट_फीचर’ने सर्वांत जवळचे टपाल कार्यालय शोधण्याचा मोह होतो. तो आवरावा. तेरेखोल हे गाव गोव्यातील पेडणे तालुक्याचे. परंतु ते नदीच्या उत्तर तीरावर, सिंधुदुर्गातील रेडीला लागून आहे. सरळ अंतराला नदी दिसत नाही, राज्याची सीमाही दिसत नाही. तेथील निवेदक अशा रीतीने ४०३ऐवजी ४१६ने आरंभ होणाऱ्या क्रमांकात जाण्याचा धोका आहे, आणि सीमाभागातील बोलीच्या अभ्यासात ही चूक क्षम्य नव्हे.

शेवटी ओळी मोजाव्यात. सीमारेषेवरील बिंदूची नोंद दुप्पट होते, क्षेत्राबाहेरील बिंदूचा रकाना रिकामा राहतो. तो अंदाजाने न भरता निवेदकालाच पत्ता विचारून भरावा.