वार्षिक परीक्षेनंतरचे दिवस

वार्षिक परीक्षा आटोपली कीं प्राथमिक शाळेंत एक विचित्र पोकळी उत्पन्न होते. उत्तरपत्रिका तपासणें, निकालपत्रकें भरणें, हजेरीपटाची बेरीज जुळविणें या कामांत शिक्षक बुडालेला असतो आणि पहिली-दुसरींतील मुलें मात्र पाटी-पुस्तक मिटून ‘आतां काय?’ अशा मुद्रेनें त्याच्याकडे पाहत असतात. मग ‘गप्प बसा’ ही एकच आज्ञा वर्गावर्गांतून ऐकूं येते. हे आठ-दहा दिवस फुकट जावयाचेच, अशी आपण सर्वांनीं समजूत करून घेतली आहे. आमच्या मतें मात्र वर्षांतील दुसरे कोणतेही दिवस यांच्याइतके मोलाचे नाहींत. तें कसें, हें आमच्या व्यवसायबंधूंपुढें व भगिनींपुढें, तसेंच घरीं धाकटीं भावंडें असलेल्या आमच्या विद्यार्थ्यांपुढें मांडण्याचें येथें योजिलें आहे.

उदाहरणार्थ, जव्हार तालुक्यांतील दाभोसा हें गांव घेऊं. पावसाळ्यांत लेंडी नदीवरील तेथील धबधबा पाहण्यास दूरदूरचे लोक येतात. एप्रिलांत तीच धार बारीक झालेली असते, विहिरी तळाला गेलेल्या असतात आणि मोहाचीं फुलें वेंचण्यास घरचीं माणसें पहाटेच रानांत शिरतात. जव्हार-मोखाड्याच्या या मुलुखांतील वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी अशा पुष्कळ कुटुंबांस, भाताचें पीक निघालें कीं, वीटभट्टीवर वा बांधकामावर मजुरीसाठीं जावें लागतें. आईबापांबरोबर मुलेंही जातात. अशा ठिकाणीं मे महिन्याची सुटी लागली म्हणजे जूनमध्यें प्रत्येक मूल परत येईलच असें धरून चालतां येत नाहीं. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें ६ ते १४ वर्षांच्या मुलांस मोफत शिक्षणाचा हक्क दिला, ही मोठीच गोष्ट झाली. परंतु परत यावेंसें वाटणें हें मुलाच्या मनांत घडावें लागतें, आणि सुटीभर त्याच्या मनांत जी शाळा राहते ती या शेवटच्या दिवसांतील शाळा होय.

याच जिल्ह्यांत या प्रश्नाचें उत्तर पूर्वींच शोधलें गेलें आहे. ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं डहाणू तालुक्यांतील बोर्डी येथें ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलें. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ सालीं हें कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेलें. मूल शाळेंत येत नाहीं असें दिसतांच त्यांनीं शाळाच त्याच्या अंगणांत नेली आणि तीस अंगणवाडी म्हटलें. गुरें राखणाऱ्या मुलांसाठीं कुरणशाळा निघाली. माँटेसरीबाईंच्या पद्धतीचें महाग साहित्य खेड्यांत परवडणारें नव्हतें. म्हणून बिया, पानें, खडे, शंख-शिंपले यांनींच तें काम भागविलें. आम्ही पुढें जे खेळ सांगणार आहों, त्यांचें मूळ या विचारांत आहे. त्यांस तयारी लागत नाहीं आणि पैसाही लागत नाहीं.

पहिला खेळ चिंचोक्यांचा. एकानें मूठ झांकावी व दुसऱ्यानें ‘एकी कीं बेकी’ हें सांगावें. हें सर्व मुलांना येतेंच. त्यापुढें एक पाऊल जावें. मध्यें रास ओतावी, किती असतील तें प्रत्येकास अंदाजानें सांगूं द्यावें आणि मग दहा-दहांचे ढीग करून मोजावें. नंतर १२ चिंचोके देऊन सारख्या ओळींत मांडण्यास सांगावें. कोणी सहांच्या दोन ओळी करील, कोणी चारांच्या तीन. मग १३ द्यावे व गंमत पाहावी. कसेही मांडा, एक तरी उरतोच, नाहीं तर सगळ्यांची एकच लांब रांग होते. पाढ्यांचें रहस्य मुलाच्या हातांत असें आपोआप येतें. एक सूचना मात्र अवश्य पाळावी. रानांतील लाल-काळ्या गुंजा या खेळांत घेऊं नयेत. त्या दिसण्यांत सुंदर, पण आंतून अत्यंत विषारी आहेत.

दुसरा खेळ चित्रांचा. वारली चित्रांत टोंकांशीं जुळलेले दोन त्रिकोण काढले, वर लहानसें वर्तुळ ठेवलें कीं माणूस उभा राहतो. डहाणू तालुक्यांतील जिव्या सोमा मशे यांस याच कलेसाठीं २०११ सालीं पद्मश्री मिळाली. शाळेच्या ओटीवर खडूनें एक मोठें वर्तुळ काढावें. ‘यंदा शाळेंत तुला काय आवडलें?’ असें विचारावें आणि प्रत्येकानें आपली आठवण त्यांत काढावी. कोणी पावसांत भिजलेली वाट काढील, कोणी खिचडीचें पातेलें, कोणी झेंडावंदन. शिक्षकानें आपला खडू खालीं ठेवावा. चूक सुधारण्याचा हा प्रसंग नव्हे.

तिसरा खेळ गोष्टीच्या साखळीचा. पहिल्यानें एक वाक्य सांगावें, दुसऱ्यानें त्यास दुसरें जोडावें. मुलानें आपलें वाक्य घरच्या बोलींत सांगितलें तर तें तसेंच घ्यावें, मग सर्वांनीं मिळून पुस्तकी मराठींत म्हणावें. वर्षभर जें मूल बोललें नाहीं, तें या खेळांत बोलतें असा आमचा अनुभव आहे.

चौथा खेळ सावलीचा. अंगणांत काठी उभी रोवून तासातासाला सावलीच्या टोंकाशीं खडा ठेवावा. दुपारपर्यंत सावली आखूड कां होते, हें मुलें स्वतःच बोलूं लागतात. सुटीसाठीं याचाच पुढचा भाग द्यावा. जव्हारचा अक्षांश सुमारें २० अंश उत्तर आहे. त्यामुळें १९-२० मेच्या सुमारास दुपारीं साडेबाराच्या आगेंमागें सूर्य तेथें अगदीं डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली दिसेनाशी होते. आईबापांबरोबर मूल जेथें गेलें असेल तेथेंही काठी व ऊन असतेंच. गांव बदलल्यानें तारीख थोडी मागेंपुढें होईल, इतकेंच.

शेवटच्या दिवशींचा खेळ आम्ही ‘जूनची ठेव’ म्हणतों. प्रत्येक मुलानें एक चिंचोका आणावा, कागदाच्या पुडींत घालावा, पुडीवर आपलें नांव घालावें. लिहितां येत नसेल तर खूण काढावी. सर्व पुड्या एका डब्यांत कोरड्या जागीं ठेवाव्या. आंब्याची कोय वा फणसाची आठळी येथें चालत नाहीं, कारण ती वाळली कीं निर्जीव होते. चिंचोका मात्र टिकतो. जूनच्या मध्यास शाळा उघडली कीं तो रात्रभर पाण्यांत भिजवून मुलानें आपल्या हातानें पेरावा.

एका वर्षींची गोष्ट सांगतों. आमच्या पाहण्यांतील एका लहान शाळेंत दुसरींतील एक मुलगा जून संपला तरी आला नव्हता. त्याचीं माणसें भट्टीवरून अजून परतलीं नव्हतीं. इतरांचीं रोपें वीतभर वाढलीं, तरी बाईंनीं त्याची पुडी डब्यांत तशीच ठेवली होती. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यांत तो भिजत भिजत दारांत उभा राहिला. हजेरी घेण्यापूर्वींच त्यानें विचारलें, “बाई, माझा चिंचोका हाय ना?” बाईंनीं काहीं न बोलतां डबा त्याच्यापुढें ठेवला.

त्या दिवशीं पुडी फेंकली गेली असती तर त्या मुलास काय वाटलें असतें, याचा विचार आमच्या मनांतून जात नाहीं. यंदा परीक्षा संपल्यावर निकालपत्रकें भरतांना आमच्या शिक्षकबंधूंनीं व भगिनींनीं एक रिकामा डबाही जवळ ठेवावा, एवढीच आमची विनंती आहे.