वाण उतरला की बेणे?



मागच्या लागणीच्या वेळी नाशिकला द्वारका चौकात आमच्या एका जुन्या सभासदांची गाठ पडली. पाहुण्यांकडचे बेणे टेम्पोत भरून आप्पा घरी निघाले होते. म्हणाले, "साहेब, ८६०३२ पार उतरला. रक्तच पातळ झालं त्याचं." आम्ही एक मोळी सोडून पाहिली. खोडव्याचा ऊस, कांड्या आखूड, आणि काही डोळ्यांतून बारीक पांढरट फुटवे निघालेले.

उसाचे रक्त असे पातळ होत नाही. संकरित बाजरीचे घरचे दाणे पेरले तर पीक मिसळते, कारण दाण्यात नर-मादीच्या गुणांची नव्याने वाटणी होते. टिपरीत ती वाटणीच नाही. डोळ्यातून उगवतो तो मूळ उसाचाच तुकडा. को ६२१९८ आणि कोसी ६७१ यांच्या संकरातून कोइमतूरला एक रोप निवडले गेले, पाडेगावहून १९९६ साली ते 'नीरा' नावाने आपल्याकडे प्रसारित झाले. तुमच्या शिवारातला ८६०३२ म्हणजे त्याच एका रोपाचा विस्तार. क्वचित एखाद्या डोळ्यात आपोआप बदल होतो, नाही असे नाही. द्राक्षात थॉम्पसनपासून तास-ए-गणेश असाच निघाला. पण म्हणून सगळे शिवार एकदम उतरत नाही.

मग उतरते काय? टिपरीबरोबर गुण जातात तसा रोगही जातो. गवताळ वाढ, काणी हे रोग बेण्यातून पुढच्या लागणीत येतात आणि दर पिढीला साचत जातात. दुसरी गोष्ट, सगळा ऊस एकाच अंगाचा असला की एकाला बाधते ते सगळ्यांना बाधते. उत्तर प्रदेशात को ०२३८ ने बहुतेक क्षेत्र व्यापले होते. लाल कूज आली तेव्हा शेतेच्या शेते वाळली.

तेव्हा वाण बदलण्याआधी बेणे बदला. ५४ अंशाच्या उष्ण बाष्प प्रक्रियेतून किंवा उतिसंवर्धनातून मूलभूत बेणे, त्यापासून पायाभूत, मग प्रमाणित, या क्रमाने वाढवलेले ९ ते ११ महिन्यांचे बेणे घ्यावे आणि तीन-चार वर्षांनी पुन्हा बदलावे. खोडव्याचे बेणे, मग ते सख्ख्या व्याह्याने फुकट दिले तरी, नकोच.

आप्पांनी टेम्पो काही परत फिरवला नाही; भाडे ठरले होते. पुढे त्यांच्या प्लॉटातली गवताळ बेटे त्यांच्याबरोबर आम्हीच उपटली. मधल्या सरीपर्यंत मोजली, नंतर मोजणे सोडून दिले.